पोतं गेलं, उंदीर राहिला

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. फज्रची नमाज झाली आणि मी भाकरीचे पीठ काढायला स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला तर ओट्यावर, परातीच्या शेजारी, काळे बारीक दाणे पडलेले. वाटले, रात्री शहाजिरे सांडले असेल. बोटाने टिपायला गेले आणि हात आखडता घेतला. ते शहाजिरे नव्हते. उंदराच्या लेंड्या होत्या.

आम्ही पुण्यात कोंढव्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिसऱ्या मजल्यावर उंदीर येतोच कसा, हा पहिला प्रश्न मनात आला. आणि दुसऱ्याच क्षणी नजर गेली ती कोपऱ्यातल्या पोत्याकडे. आठच दिवसांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अब्बांनी, गावाहून अर्धे पोते जोंधळा आणला होता.

अब्बांचे गाव माकणी. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, तेरणा नदीच्या काठी. निम्न तेरणा धरण ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते तेच हे माकणी. दोन वर्षांपूर्वी अम्मी अल्लाहला प्यारी झाली आणि अब्बा एकटे पडले. यांनी आग्रह करून त्यांना पुण्याला आणले. पण त्यांचा जीव काही शहरात रमला नाही. दोन-तीन महिन्यांनी ते गावाकडे चक्कर मारतात, आपल्या चार एकरांवर नजर टाकतात आणि येताना काही ना काही घेऊन येतात. कधी तुरीची डाळ, कधी शेंगा. त्या वेळी जोंधळा आणला. पोते खाली ठेवताना म्हणाले, ‘‘बाजारातलं पीठ किती दिवस खायचं? हे घरचं आहे.’’

त्या दिवशी दुपारी माझ्या बहिणीचा फोन आला. बोलता बोलता मी म्हणून गेले, ‘‘काय सांगू, गावाकडून पोतं आलं आणि त्याच्याबरोबर उंदीरही आला. आता कुठे कुठे साफ करत बसू?’’ मागे वळले तर अब्बा दारात उभे. पाणी प्यायला आले होते. काही बोलले नाहीत. ग्लास भरून घेतला, खाली बसून तीन घोटांत पाणी प्याले आणि आपल्या खोलीत गेले. संध्याकाळी पाहते तर पोते स्वयंपाकघरात नव्हते. त्यांनी ते ओढत नेऊन स्वतःच्या पलंगाखाली ठेवले होते.

मला वाईट वाटले. पण खरे सांगते, त्याहून जास्त सुटल्यासारखे वाटले.

यांनी बाजारातून चिकटपट्टी आणली. पुठ्ठ्यावर दाट डिंकासारखा पदार्थ लावलेला असतो, उंदीर त्यावर आला की पाय चिकटतात. रात्री फ्रिजच्या मागे ठेवली. मध्यरात्री कसलासा बारीक आवाज येऊ लागला. आधी कळेना. मग थोरला मुलगा उठून आला आणि रडायला लागला. पट्टीवर एक इवलासा उंदीर चिकटला होता. जितका सुटायला धडपडे तितका अधिक फसे. एका बाजूची कातडी सोलली गेली होती. आम्ही दोघे नुसते बघत राहिलो. पट्टीसकट कचऱ्यात टाकायचा, असे पाकिटावर लिहिले होते. पण जिवंत उंदीर कचऱ्यात टाकायला कोणाचा हात होईना.

अब्बा तहज्जुदला उठले होते. त्यांनी तेलाची बाटली मागितली. पट्टीवर तेल ओतून, काडीने हळूहळू त्या उंदराचे पाय मोकळे केले. पण तो फार जखमी झाला होता. अब्बा त्याला कपड्यात धरून खाली घेऊन गेले आणि एका घावात त्याचा जीव सोडवला. वर येऊन हात धुतले आणि यांना म्हणाले (आमच्या घरात दक्खनी चालते, इथे मराठीत सांगते), ‘‘उंदीर मारण्यात गुन्हा नाही बेटा. पण मारायचा तर मार, छळू नकोस.’’

त्यांनी हदीसची आठवण करून दिली. जे पाच उपद्रवी जीव हरमच्या हद्दीतही मारायला परवानगी आहे, त्यांत उंदीर आहे. पण ज्या प्रेषितांनी (स.) ही परवानगी दिली, त्यांनीच जनावराची कुर्बानीसुद्धा सुरीला नीट धार लावून, त्याला कमीत कमी त्रास होईल अशी करायला शिकवले. ही दोन्ही शिकवण एकत्र धरली पाहिजे. पुढे मला कळले की भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही या चिकटपट्ट्यांविरुद्ध राज्यांना सूचना केलेल्या आहेत, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा त्यासाठी आधार घेतला आहे. आमच्या घरातली चिकटपट्टी मात्र त्याच रात्री बंद झाली.

मग यांनी विषाच्या वड्या आणल्या. निळसर रंगाच्या, छोट्या चौकोनी वड्या. मी विरोध केला नाही. सिंकच्या खाली, गॅसच्या टाकीमागे, अशा चार ठिकाणी ठेवल्या आणि मुलांना ताकीद दिली. थोरला सात वर्षांचा, त्याला समजते. धाकटी तीन वर्षांची. तिला काय ताकीद देणार!

तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. आतून अब्बांचा मोठा आवाज आला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. धावत गेले. धाकटी सिंकच्या खाली बसलेली, हातात निळी वडी. अब्बांनी एका हाताने तिची मूठ धरलेली, दुसऱ्या हाताचे बोट तिच्या तोंडात घालून ते जीभ, गाल, हिरड्या तपासत होते. ती रडत होती, ‘‘चॉकलेट, चॉकलेट.’’ वडीच्या एका कोपऱ्याचा तुकडा गेलेला होता. तो उंदराने खाल्ला होता की तिने, हे कोणाला सांगता येणार?

रिक्षाने दवाखान्यात गेलो. अब्बांनी निघताना विषाचे पाकीट खिशात घातले होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, ‘‘वेष्टन आणलंय का?’’ त्यावरचे नाव वाचले. ब्रोमॅडिओलोन. हे विष रक्त गोठू देत नाही. पण ते लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी परिणाम करते. म्हणून मूल खेळते आहे, हसते आहे, एवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही. यावर जीवनसत्त्व के हा उतारा असतो. डॉक्टरांनी रक्त तपासले, दोन दिवसांनी पुन्हा तपासले. अल्हम्दुलिल्लाह, काही निघाले नाही. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते मला माहीत. रात्री तिच्या हिरड्यांवर टॉर्च मारून बघत होते, रक्त येते का म्हणून.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. उंदरांसाठी मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट याहून भयंकर असते. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावर खात्रीचा उतारा नाही. आणि आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, धान्यात टाकायच्या ज्या गोळ्या मिळतात त्या ओलावा लागला की विषारी वायू सोडतात. त्या गोळ्या टाकलेले पोते ज्या खोलीत आहे तिथेच माणसे झोपली आणि सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. पोटात विष गेल्याची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नये, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. वेष्टन घेऊन थेट दवाखाना गाठावा.

दुसऱ्या तपासणीचा निकाल चांगला आला त्या दिवशी मी शुक्राच्या दोन रकात पढले. बाहेर आले तर अब्बा पिशवी भरत होते. ‘‘रानात काम आहे, जाऊन येतो,’’ म्हणाले. यांनी थांबवायचा प्रयत्न केला. ते हसून टाळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याच्या एस.टी.त बसले. मुलगा त्यांना सोडायला गेला होता. परत येऊन म्हणाला, ‘‘अम्मी, दादा पोतं पण घेऊन गेले.’’

साठी ओलांडलेला माणूस, गुडघ्याचा आजार, आणि अर्धे पोते जोंधळा पुण्याहून परत माकणीला. यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. फोनवर बोललेले ते वाक्य यांना माहीत नव्हते. मीही सांगितले नाही.

आता घरात पोते नव्हते. मी सगळे स्वयंपाकघर धुऊन काढले. आणि चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर, परातीच्या शेजारी, पुन्हा तेच काळे दाणे.

मी तिथेच पाटावर बसले. पोतं गेलं होतं, उंदीर राहिला होता.

त्या दिवशी पहिल्यांदा मी हातात टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर बसून माझे स्वतःचे घर बघितले. सिंकखालचा पाईप जिथे भिंतीत जातो, तिथे पाईपाभोवती दोन बोटांची फट होती. आठ वर्षे आम्ही या घरात राहतो, आठ वर्षे ती फट तिथे आहे. तिच्या कडेला काळपट, तेलकट डाग. उंदराचे अंग रोज एकाच जागी घासले की असा डाग पडतो. पलीकडे इमारतीची डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाईप जातात ती अरुंद, उभी जागा. खिडकीतून डोकावले तर तळाला कचरा, खरकटे, कोणाकोणाच्या पिशव्या. पाईपाला धरून उंदीर शिडीवरून चढावा तसा तिसरा मजला गाठत होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारले तर म्हणाल्या, ‘‘अगं, आमच्याकडे तर गणपतीपासून आहेत. तुला सांगायला लाज वाटली.’’

गणपतीपासून! आणि अब्बांचे पोते आले होते दिवाळीनंतर.

दोन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. तिसऱ्या दिवशी लावला. सलाम झाला, तब्येतीचे विचारणे झाले. मग म्हटले, ‘‘अब्बा, मी त्या दिवशी बहिणीला फोनवर बोलले ते तुम्ही ऐकलंत. चूक माझी होती. पोत्यात उंदीर नव्हता. मला माफ करा.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘बेटा, तुझी सासू ज्या धान्याला हात लावायची त्यात उंदीर कुठला? पोत्याला तिनेच शिवलेली तोंडपट्टी होती. पण तुझं बोलणं मी मनावर घेतलं, ही माझी चूक.’’ मग एकदम हसले, ‘‘घरात पेन्सिल आहे का?’’

पेन्सिल कशाला, मला कळेना. ‘‘जिथं पेन्सिल आत जाते, तिथं उंदीर आत जातो. मुलांना कामाला लाव. सगळ्या भिंतींच्या बुडाला पेन्सिल घालून बघायला सांग. जिथं जाईल तिथं खडूने खूण.’’

ही पेन्सिलची गोष्ट अगदी खरी आहे. घरातला छोटा उंदीर जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येऊ शकतो. डोके शिरले की बाकीचे अंग तो दाबून घेतो. मोठ्या उंदराला याच्या दुप्पट जागा पुरते. मुलाने संध्याकाळपर्यंत नऊ ठिकाणी खुणा केल्या. सिंकखाली, न्हाणीच्या पाईपाशी, एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकाशी, मुख्य दाराच्या खाली, एक्झॉस्ट पंख्याच्या चौकटीत. तिसरा मजला म्हणून निर्धास्त बसलेली मी, आणि माझ्या घराला नऊ दारे!

पुढचे पंधरा दिवस अब्बांचे मार्गदर्शन फोनवर चालले. त्यांनी सांगितलेले आणि मी करून पाहिलेले इथे लिहिते, कारण वाचक भगिनींना त्याचा उपयोग व्हावा.

आधी भोके बुजवायची, मग उंदीर पकडायचे. उलटे केले तर एक पकडला की दुसरा येतो. भोक बुजवायला कापड, कागद, थर्माकोल, फेस येणारा स्प्रे, यांतले काही चालत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, म्हणून त्याला सतत कुरतडावेच लागते. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी उलगडून भोकात घट्ट ठासायची आणि वरून सिमेंट लावायचे. तार दातात अडकते, म्हणून तो ती कुरतडत नाही. साधी लोखंडी तार गंजते, त्यामुळे स्टीलचीच घ्यावी. न्हाणीला आणि पंख्याला बारीक जाळी, दाराच्या खाली पत्र्याची पट्टी. आमचा एकूण खर्च एका दवाखान्याच्या फेरीपेक्षा कमी झाला.

दुसरे म्हणजे अन्न. पीठ, डाळ, शेंगदाणे, बिस्किटे हे सगळे पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकची बरणी उंदीर रात्रीत फोडतो. खरकटे रात्री घरात ठेवायचे नाही. गॅसखाली, फ्रिजखाली सांडलेले कण रोज काढायचे. या छोट्या उंदराला पाणी फारसे लागत नाही आणि दिवसाला चिमूटभर दाणे पुरतात. म्हणजे आपल्याला जो कचरा वाटतो, ती त्याची पंगत असते. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले देते आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत वीण करायला तयार होतात. एका उंदराकडे दुर्लक्ष करणे किती महागात पडते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तिसरे, सापळा. उंदीर मोकळ्या जागेतून पळत नाही, भिंतीला मिशा घासत पळतो. म्हणून सापळा खोलीच्या मधोमध नव्हे, भिंतीला लागून ठेवायचा आणि आमिषाचे टोक भिंतीकडे करायचे. एकाऐवजी चार-पाच सापळे, दोन-दोन पावलांवर. आमिष म्हणून चीज वगैरे काही लागत नाही. शेंगदाण्याच्या कुटात थोडा गूळ मळून हरभऱ्याएवढी गोळी पुरे. स्प्रिंगच्या चापाने उंदीर तत्काळ मरतो. पिंजऱ्यातला सोडायचा असेल तर शेजारच्या इमारतीच्या दारात सोडू नये, तो आपला त्रास दुसऱ्याच्या माथी मारणे झाले. लेंड्या कोरड्या झाडूने झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. आधी जंतुनाशकाचे पाणी शिंपडायचे, थोडा वेळ थांबायचे, मग हातमोजे घालून पुसून घ्यायचे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने किती घरे हवालदिल केली ते अनेकांना आठवत असेल.

आमच्या नऊ फटी बुजल्या, तीन उंदीर सापडले, नंतर काही दिसेना. पण डक्ट तशीच होती. आम्ही एकट्यांनी दार बंद करून उपयोग नव्हता, तो दुसऱ्याच्या घरात जाणार. मी काकूंना घेऊन मजल्या-मजल्यावर फिरले. काकू म्हणाल्या, ‘‘बाप्पाचं वाहन आहे ग, मारायला माझा जीव होत नाही.’’ मी म्हटले, ‘‘काकू, तुम्ही मारू नका. नुसतं भोक बुजवा.’’ भोक बुजवायला कोणाच्याच श्रद्धेची अडचण नव्हती. एका रविवारी डक्ट साफ झाली. तीन गोण्या कचरा निघाला. तळाशी जाळीचे दार बसवले. आठ वर्षांत ज्यांची तोंडओळखही नव्हती अशा घरांत त्या निमित्ताने चहा झाला.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे माकणीला गेलो. अब्बांना घेऊन यायला.

धरणाच्या भिंतीवर उभे राहून त्यांनी नातवंडांना पाणी दाखवले. मग घरामागच्या जुन्या जागेवर नेले. तिथे आता बाभळी आहेत आणि काळ्या दगडांचे ढीग. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेची चारची वेळ. आदल्या दिवशी गावोगावी गणपती विसर्जन झालेले. लोक दमून झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे हादरले, हजारो माणसे गेली, ५२ गावे पार उद्ध्वस्त झाली. इथून जवळचे सास्तूर तर होत्याचे नव्हते झाले. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, त्याखाली माणसे गाडली गेली. आमचे हे तेव्हा पाच वर्षांचे होते. आमच्या घराची मागची भिंत पडली. अल्लाहच्या कृपेने सगळे बाजूच्या खोलीत होते, वाचले.

‘‘त्या भिंतीत आमचं बळद होतं,’’ अब्बा सांगू लागले. बळद म्हणजे भिंतीत बांधलेला धान्याचा कोठा. ‘‘वर्षाचा जोंधळा त्यात. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. मातीखाली धान्य आहे हे माहीत होतं, पण भिंतीजवळ जायला धीर होईना, रोज हादरे बसायचे. दीड महिन्याने माती उपसली. वर नुसता कोंडा. खालून उंदरांनी सगळं पोखरलेलं. माझे वडील भूकंपाच्या दिवशी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. माणूस उठला की उंदीर बसतो, बेटा.’’

हे मी नुसती घरातली आठवण म्हणून ऐकले असते. पण नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला. भूकंपाला वर्ष पूर्ण व्हायच्या आधी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना गाठीचा ताप येऊ लागला. १९६६ नंतर देशात नोंद नसलेला प्लेग परत आल्याची बातमी पसरली. सप्टेंबरमध्ये सुरतेत साथ आली आणि लाखो माणसांनी ते शहर सोडले. भूकंपानंतर लोकांनी टाकलेली घरे आणि त्यांत पडून राहिलेले धान्य यांवर उंदीर वाढले, हे त्यामागचे एक कारण म्हणून अनेक अभ्यासकांनी मांडले. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तोही मांडवी भागात, जिथे धान्याची गोदामे होती. तो ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. म्हणजे जिथे धान्य उघडे आणि माणसाचे लक्ष नाही, तिथे उंदीर, हे जुनेच गणित आहे.

अम्मीने मात्र ते गणित त्या वर्षी पक्के शिकून घेतले होते. पत्र्याच्या शेडमध्ये तिने धान्य जमिनीवर कधी ठेवले नाही. चार विटांवर फळी, फळीवर पत्र्याची कोठी, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे मागे झाडू फिरतो आणि उंदराला आडोसा मिळत नाही. जोंधळा कडक उन्हात वाळवायचा, त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा, आणि पोत्याचे तोंड दुहेरी पट्टीने शिवायचे. रात्री झोपण्यापूर्वी सगळी भांडी झाकायची. अब्बा म्हणाले, ‘‘ती म्हणायची, आपल्या रसूलनी (स.) चौदाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, रात्री भांडी झाका, दारं लावा, दिवे विझवा, कारण उंदीर दिव्याची वात ओढून घराला आग लावू शकतो. आपण वाचतो आणि विसरतो.’’

मी ही हदीस लहानपणी मदरशात शिकले होते. भांडी झाकण्याचा भाग पाठ होता. उंदराचा भाग कधी लक्षातच राहिला नव्हता.

कोठीच्या खोलीत ते पोते तसेच होते, न उघडलेले. तोंडाची शिवण मी जवळून पाहिली. लाल सुती दोरा, बारीक आणि सारखे टाके, एकही ढिला नाही. अम्मीचे पोते, तिच्या हातची पट्टी. ती गेल्यावर अब्बांनी त्यात दरवर्षीचा नवा जोंधळा भरायचा आणि तीच पट्टी पुन्हा वापरायची, एवढे जपले होते. मी ज्याला उंदराचे घर म्हटले ते हे.

मी तिथे काही बोलले नाही. माफी फोनवर मागून झाली होती. यांना मात्र रात्री सगळे सांगितले, फोनवर काय बोलले होते तेही. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘विष मी आणलं होतं. तू एक वाक्य बोललीस, मी तर घरात विष आणून ठेवलं. आणि पोरीला कोणी वाचवलं?’’

परतताना पोते गाडीत आम्हीच ठेवले. घरी आल्यावर अब्बा ते आपल्या खोलीत न्यायला लागले, तेव्हा मी अडवले. स्वयंपाकघरात चार विटा आधीच मांडून ठेवल्या होत्या, वर फळी, भिंतीपासून हातभर दूर. त्यांनी वाकून हात घालून अंतर मोजले. ‘‘अजून चार बोटं पुढे घे,’’ म्हणाले. घेतले.

या वर्षीही जोंधळा आला आहे. मुलगा महिन्यातून एकदा पेन्सिल घेऊन घरभर फिरतो, त्याला तो खेळ वाटतो. रात्री भांडी झाकायचे काम धाकटीने मागून घेतले आहे. बिस्मिल्लाह म्हणून एकेक झाकण ठेवते, आणि एखादे राहिले तर दादांना हाक मारून दाखवते. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांना आणि लेकरांना आपल्या हिफाजतीत ठेवो, आणि उंदीर शोधण्याआधी आपल्याच भिंतीतली फट बघण्याची बुद्धी देवो. आमीन.